उडीनंतरचे मास्टर रणधीर

बातमी आणली ती साताऱ्याहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं. वैशाखातली दुपार होती. छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांना बोट लावलं तर चटका बसावा असं ऊन, म्हणून मी बाहेर पायरीवर येऊन उभा होतो. ड्रायव्हर ओळखीचा. मोटारीच्या तोंडात पाणी ओतता ओतता तो म्हणाला, "सदाभाऊ, तुमचा रणधीर गेला म्हनं."

"कुठं गेला?" मी विचारलं.

त्यानं बादली खाली ठेवली. माझ्याकडे जरा निरखून बघितलं. "आता आनि कुठं जात्यात मानसं?"

त्याचं बोलणं मला कळलं नव्हतं असं नाही. पण आमच्या वयाच्या सांगलीकरांना 'रणधीर गेला' हे वाक्य कधी पूर्ण वाटलंच नाही. रणधीर बुरुजावरून गेला, रणधीर पुरात गेला, रणधीर पेटलेल्या गंजीत गेला... त्याच्यापुढं काहीतरी असायचंच. ड्रायव्हरच्या वाक्यापुढं काही नव्हतं. त्यानं मोटारीचं झाकण लावलं, भोंगा वाजवला आणि मिरजेची माणसं भरून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी छापखान्यात आलेली सगळी वर्तमानपत्रं मी चाळली. दिल्लीच्या वाटाघाटींनी पानं भरून वाहत होती. मास्टर रणधीरांबद्दल कुठं एक ओळ नव्हती. त्यानंतरही आली नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. लिहून काही होणार आहे असं मात्र नाही.

आजच्या मुलांना सांगावं लागेल, की पडदा बोलत नव्हता अशा काळात सांगलीत नदीकडच्या माळावर तंबू पडायचा आणि त्या तंबूत मास्टर रणधीर हे एक वेड होतं. मी तेव्हा शिकत होतो. माझ्या शेजारच्या खोलीत आनंदा राहायचा. तो सातारा जिल्ह्यातल्या, इस्लामपूरजवळच्या एका खेड्यातला, उसाच्या बागाइतीचा, बाप लहानपणीच गेलेला. आईनं, सोनाबाईनं, इंग्रजी शिकायला म्हणून त्याला सांगलीला पाठवलं होतं. इंग्रजी राहिलं बाजूला, आनंदा रणधीर शिकला. 'बुरुजावरचा वाघ' हा चित्रपट त्यानं इतक्यांदा बघितला होता, की पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा तंबूतला माणूस खोकायला लागला तर पुढचं वाक्य आनंदा ओरडायचा. त्या चित्रपटात शेवटाकडे रणधीर घोड्यासकट बुरुजावरून नदीच्या डोहात उडी टाकतो. पाणी मिटतं. नुसतं पाणीच दिसत राहतं. पेटीवाला पेटी थांबवायचा आणि अख्खा तंबू श्वास धरून बसायचा. मग काठाच्या दगडावर एक हात येतो, मागोमाग डोकं येतं, रणधीर उठून उभा राहतो, दोन्ही गुडघ्यांवरची धूळ झटकतो आणि सरळ आमच्याकडे बघतो. त्यासरशी मुंडाशी, टोप्या, उपरणी, हाताला येईल ते वर उडायचं. "पुन्हा! पुन्हा!" असा गिल्ला व्हायचा आणि मशीनवाल्याला रीळ मागं फिरवून तेवढा तुकडा परत दाखवावा लागायचा. पाण्यातून नुकत्याच वर आलेल्या माणसाच्या गुडघ्यावर धूळ कसली, हे आमच्यापैकी कुणाला कधी सुचलं नाही. तालमीत पोरं चीत झाली तरी उठून गुडघे झटकायची. आनंदा सायकलवरून पडला तरी आधी गुडघे झटकायचा आणि मग सायकल उचलायचा.

पुढं पडदा बोलायला लागला. रणधीरांचं खरं नाव धोंडिबा साळुंखे. साताऱ्याकडचे. पहिल्या लढाईत घोडदळातून बसऱ्याला जाऊन आलेले, नंतर मुंबईच्या एका फिल्म कंपनीत घोडी सांभाळायला राहिलेले. एका नायकानं घोड्यावर बसायला नकार दिला, म्हणून त्याचे कपडे घालून हे बसले आणि तिथून मास्टर रणधीर झाले. बोलपटात त्यांनी तोंड उघडलं ते सातारी. कंपनीनं शिकवणीला मुन्शी ठेवला, उपयोग झाला नाही. मग मुक्या पहारेकऱ्याची कामं, मग दरोडेखोरांतल्या मागच्या माणसाची, आणि शेवटी एका घोड्यावरून पडून डावा गुडघा कायमचा गेला. ते साताऱ्याला परत आले आणि गोडोलीच्या वाटेवर दोन खोल्या भाड्यानं घेऊन बायकोबरोबर राहायला लागले. हे आम्हाला कळलं तेव्हा मी छापखान्यात लागलो होतो आणि आनंदा शाळा सोडून गावाकडं ऊस बघत होता. तो भल्या सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "सदू गड्या, ऊठ. रणधीर साताऱ्यात हाय. जितंजागतं."

त्या पहिल्या भेटीत आनंदानं जाऊन त्यांच्या पायांवर डोकंच ठेवलं. रणधीर कावरेबावरे झाले. पडद्यावर दिसायचा त्याच्यापेक्षा माणूस ठेंगणा होता. मिशी पांढरी व्हायला लागलेली, अंगात घरी शिवलेली बंडी. "आवं उठा, उठा. त्यो मी न्हवं. त्यो पडद्यावरला. मी धोंडिबा." हिराबाई वहिनी चुलीपुढून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि थोडी भीतीही होती, नवऱ्याला कुणी उचलून घेऊन जाईल की काय अशी. आनंदा उडीबद्दल विचारायला लागला. रणधीर म्हणाले, "त्येचं काय हाय, त्या उडीत घोडं..." आणि थांबले. आनंदा घाईनं म्हणाला, "घोड्याचं असूंदे. उडी तुमीच मारली न्हवं?" "मीच मारली." "झालं तर मग." आनंदाला पुढचं ऐकायचं नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही चहा प्यालो, त्यांनी आम्हाला मोटारीपर्यंत सोडलं, आणि निघताना आनंदा म्हणाला, "मास्टर, एकदा गुडघं झटका की." त्यांनी वाकून झटकले. डावा गुडघा वाकताना त्यांचा ओठ दातांखाली गेलेला मी बघितला. आनंदानं नाही बघितला.

मग ही दुसरी लढाई आली. साताऱ्याच्या खेड्यांना भरती नवी नव्हती, घरटी एखादा गडी पलटणीत असायचाच. पण या खेपेला माणसं फार हवी होती. भरतीवाल्यांपैकी कुणाला तरी आठवलं, की जुना घोडेस्वार आणि सिनेमातला रणधीर हा एकच माणूस आहे आणि तो साताऱ्यात पडून आहे. त्यांनी त्यांना खाकी डगला दिला, घोडा दिला आणि एक लॉरी दिली. लॉरीत सिनेमाचं मशीन आणि 'बुरुजावरचा वाघ'ची रिळं. गावात जायचं, देवळासमोर धोतर ताणून फुकट सिनेमा दाखवायचा आणि पडद्यावरचा रणधीर उठून उभा राहिला की पडद्यामागून खराखुरा रणधीर घोड्यावरून पुढं यायचा. बाकीचं बोलणं सुभेदार करायचा.

हिराबाई वहिनींनी त्यांना अडवलं होतं. माझ्यासमोरच अडवलं. "तुमी बसऱ्याला सगळं बघून आलाय. रातचं दचकून उठताय अजून. मग दुसऱ्याची पोरं कशापायी धाडताय?"

रणधीर खाकी डगल्याची बटणं लावत होते. ते माझ्याकडे वळले. "सदाभाऊ, धा वरसं झाली, कुनी हाक मारली न्हवती. आता गावात लॉरी शिरली की लोक नाव घेऊन पळत येत्यात." त्या वेळी त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. माणसाला पोटापेक्षाही वाईट एक भूक असते, ती लागली की तो ऐकत नाही.

आनंदाच्या गावी लॉरी आली तेव्हा त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. दिवेलागण झाली होती. देवळासमोरचं पटांगण माणसांनी भरलेलं, बायका एका कडेला. सोनाबाई डोईवरचा पदर दातात धरून बसली होती. तिनं आयुष्यात सिनेमा बघितला नव्हता. रणधीर डोहात गेला तशी तिनं "आगं बाई!" म्हणून किंकाळी फोडली, आणि हात दगडावर आला तशी दोन्ही हात जोडले. पडद्यामागून खरा रणधीर घोड्यावर आला. नंतर सुभेदारानं विचारलं, "कोन येतंय मास्टर रणधीरच्या पलटणीत?" आनंदा पहिला उठला. मागं वळून एकदा माझ्याकडे हसला आणि गेला. मी जाणं शक्यच नव्हतं. माझे डोळे असे, की चष्मा काढला तर समोरचा माणूस दिसत नाही. त्याच्या मागोमाग त्या गावातली पुष्कळ पोरं उठली. तेवढ्यात बायकांच्यातून सोनाबाई उठून घोड्यापुढं आली. एकुलता एक, लग्न ठरत आलेलं. आता ही रडणार, असं सगळ्यांना वाटलं. ती रडली नाही. तिनं घोड्याच्या लगामाला हात घातला आणि वर बघून विचारलं, "बाबा, ह्यो तिकडं पडला तर पुन्हा उठंल का?"

रणधीरांनी सुभेदाराकडं बघितलं. सुभेदार बघत होता. सगळं गाव बघत होतं. "उठंल की, आई," ते म्हणाले. "आमच्या सातारचा गडी हाय. त्यो काय पडून ऱ्हातोय व्हय?"

टाळ्या पडल्या. सोनाबाईनं लगाम सोडला.

आनंदा ब्रह्मदेशात गेला. सुरुवातीला त्याची पत्रं यायची, पाऊस लय हाय, जळवा लय हायत, आईला सांग मी झ्याक हाय. मग यायची बंद झाली. पुष्कळ महिन्यांनी पाटलाकडं सरकारी कागद आला. त्यात तो मेला असं लिहिलेलं नव्हतं. बेपत्ता असं होतं. पाटलानं सोनाबाईला अर्थ सांगितला, "म्हंजी, गावला न्हाई." मेला असता तर ती छाती पिटून रडली असती आणि पुढं कधीतरी थांबली असती. गावला न्हाई, यावर कुणी कसं रडायचं? ती दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीत माझ्या दारात आली. फडक्यात भाकरी बांधलेली. "सदू, मला साताऱ्याला ने. रणधीरबाबाला एक ईचारायचं हाय."

मला वाटलं, ही भांडायला निघाली आहे. रणधीरांनाही तसंच वाटलं असावं. तिला दारात बघितलं आणि ते उठून, हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. सोनाबाई पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, आनंदा पडलाय म्हनं तिकडं. गावत न्हाई. तुमी त्या पान्यात पडल्यावर किती येळानं वर आला व्हता?"

रणधीरांनी मान वर केली.

"आई, त्यो सिनेमा व्हता."

"व्हय, बघितलाय की मी. तुमीच व्हता न्हवं?"

"मीच व्हतो."

"मग?"

रणधीर तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघा धरून, सावकाश. आणि आम्हाला पहिल्या भेटीत जे ऐकायचं नव्हतं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं. "उडी मारली ती येका दिशी, आई, आनि वर आलो ती दुसऱ्या दिशी. मधी मशीन बंद केलं. मला दोरानं वर वढलं, चार गड्यांनी. मी शुद्धीवर न्हवतो. घोडं मेलं. मोती नाव त्येचं. त्ये वर आलंच न्हाई."

सोनाबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग, लहान मुलाची समजूत काढावी तशी म्हणाली, "घोड्याचं सोडा. घोड्याला काय कळतंय? तुमी आला न्हवं वर?"

तिनं भाकरीचं फडकं सोडून एक भाकरी वहिनींच्या हातात दिली, मी ईन पुन्हा, म्हणाली, आणि उठली.

त्या आठवड्यातच रणधीरांनी डगला, घोडा, सगळं परत केलं. सुभेदार घरी येऊन बोलला, पेन्शनीची भीती घालून गेला. तसंही बेचाळीसनंतर गावागावांत वारं फिरलं होतं, लॉरीवर दगड पडायला लागले होते. "दगड मारनारी पोरं श्यानी," ते म्हणायचे. "त्येच दोन वरसं आदी मारायला पायजे व्हतं." मग त्यांनी हातात काठी घेतली आणि ज्या ज्या गावांत लॉरी गेली होती, त्या गावांना ते पायी, बैलगाडीतून, मिळेल तसे जायला लागले. कोण परत आलं, कोण नाही, हे विचारायचे. ज्या घरातलं पोर गेलं त्या घराच्या ओसरीवर जाऊन बसायचे. मी एक-दोनदा बरोबर गेलो. मला वाटायचं, कुणीतरी यांच्या अंगावर धावून येईल. कुणी आलं नाही. घरात मरण झालेलं असलं, तरी रणधीर आला म्हटल्यावर गल्ली गोळा व्हायची. म्हातारे पाट द्यायचे, बायका दुधाचा चहा करायच्या. "आमचं पोर तुमचं लय येडं व्हतं बरं का," असं एका बापानं हसत, डोळे पुसत सांगितलं आणि पोराचं पांघरूण आणून यांच्या खांद्यावर घातलं. बाहेर आल्यावर रणधीर एका बांधावर बसले. "कुनीतरी येक शिवी घालंल म्हनून जातो, सदाभाऊ. च्या पाजत्यात..."

खानापूरकडच्या एका गावात पलटणीतून परत आलेला एक जवान भेटला. तरणाबांड, पण उजवा पाय मांडीपासून गेलेला. कुबडी घेऊन तो चावडीपुढं उभा होता. यांना बघताच ओरडला, "आला रं, वाघ आला!" आणि मग हसत म्हणाला, "मास्टर, तुमची सवय काय जात न्हाई बघा. सकाळी उठलं की गुडघं झटकाया हात जातोय. आता ह्या बाजूला गुडघाच न्हाई, तर धूळ कुठली झटकू?" भोवतीची माणसं हसली. त्याचं त्यालाही हसू आलं. रणधीरांनी हसण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही सांगण्यावरून गुडघे झटकले नाहीत.

सोनाबाई मात्र येत राहिली. बाजाराला यावं तशी साताऱ्याला यायची. लढाई संपली, माणसं परतली, आनंदा नाही आला, तरी यायची. आली की तेच विचारायची. वहिनी म्हणायच्या, ती येणार असली की आदल्या दिवसापासून यांना जेवण जात नाही, आणि आली नाही तर दहादा दाराशी जाऊन वाट बघतात. एकदा तिनं निराळंच मागितलं. इस्लामपुरात तंबू पडला होता, बोलपटाचं रीळ वेळेवर आलं नाही म्हणून तंबूवाल्यानं कुठून तरी 'बुरुजावरचा वाघ' पैदा केला होता. "बाबा, मला त्यो दावा पुन्हा येकदा. कसं उठलासा त्ये मला नीट बघायचं हाय." मी रणधीरांना म्हणालो, नका जाऊ. ते म्हणाले, "बघूंदे. तेवढाच जिवाला आधार आसंल तिच्या, तर बघूंदे."

आम्ही तिघं गेलो. रणधीरांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता, पण त्याची गरज नव्हती. त्यांना कुणी ओळखलं नाही. तंबू अर्धाही भरला नव्हता आणि भरला होता तो पोराटोरांनी. पडद्यावर माणसं ओठ हलवतात आणि आवाज येत नाही, म्हणून पोरं "आवाज! आवाज!" ओरडत होती. तलवारबाजी सुरू झाली तर हसत होती. घोडा वेडावाकडा पळतोय म्हणून शिट्ट्या मारत होती. रणधीर माझ्या शेजारी मांडी न घालता, पाय पुढं पसरून बसले होते. सोनाबाईचं हसण्याकडं लक्ष नव्हतं. ती पुढं सरकून सरकून अगदी पडद्याजवळ गेली होती. उडी आली. घोडा आणि माणूस डोहात गेले, पाणी मिटलं. नुसतं पाणी. आणि मग पडदा एकदम थरथरला, पांढऱ्या रेघा उठल्या आणि राजवाड्यातलं लग्न सुरू झालं. नवरीशेजारी रणधीर बसलेला होता खरा, पण फेट्याच्या मुंडावळ्यांतून तोंड दिसत नव्हतं. सोनाबाईला तो ओळखू आला नाही. चित्रपट संपला.

मी मशीनवाल्याकडं धावलो. म्हटलं, मधला तुकडा दाखव, पाण्यातून वर येतो तो. तो म्हणाला, "त्यो कवाच गेला सायेब. समद्या जिल्ह्यात मागं फिरवून फिरवून तेवढाच झिजला. तुटला, जोडला, तुटला... आता जोडायला काय ऱ्हायलंच न्हाई."

परत आलो तेव्हा माणसं पांगली होती. सोनाबाई कोऱ्या पडद्याकडं बघत उभी होती. रणधीर तिच्यामागं काठीवर भार देऊन उभे होते. ते म्हणाले, "आई, फिल्लम तुटली हाय." तिनं मान हलवली. कुणाकडंही न बघता म्हणाली, "चला. मोटार चुकंल."

त्यानंतर ती साताऱ्याला आली नाही. त्या भाद्रपदात पितरांच्या पंधरवड्यात तिनं नवऱ्याच्या पानाशेजारी आनंदाचं पान वाढलं. मी ते रणधीरांना सांगायला गेलो. वाटलं होतं, त्यांची सुटका झाली असं त्यांना वाटेल. ते भिंतीकडं तोंड करून बसले. "लढाईत गावला न्हाई," ते म्हणाले. "मारला त्यो मी. त्या तंबूत."

मग ते बाहेर पडेनासे झाले. छाती भरायची, दुसराही गुडघा धरला. शेवटचे भेटलो ते माघात. उन्हाला बाजेवर पडून ते ओठ हलवत होते. मला वाटलं नाम घेतायत. जवळ जाऊन ऐकलं तर पोरांची नावं होती. गावाचं नाव, मग त्या गावातल्या पोरांची. मला बघून थांबले. "सदाभाऊ, मागं काय लिवू नका माझ्यावर. लिवलं तर ह्येंची नावं लिवा." मी हो म्हटलं. आज लिहायला बसलो तर मला आनंदाखेरीज एक नाव येत नाही. त्यांना सगळी यायची. ती त्यांच्याबरोबर माहुलीच्या घाटावर जळून गेली. दहनाला मी पोचलो नाही. शेजारचे लोक होते, कोपऱ्यावरचा विडीवाला होता. गावोगावचे ते टोप्या उडवणारे लोक आले नाहीत, कारण त्यांना कळलंच नाही, आणि ज्यांना कळायला हवं होतं ती पोरं तर नाहीतच.

ज्येष्ठात वहिनींना भेटायला गेलो. त्या कोरेगावला भावाकडं राहायला निघाल्या होत्या. घरमालकानं खोल्या दुसऱ्यांना दिल्या होत्या. दोन बोचकी बांधलेली, चूल मोडलेली. मला बसायला टाकून त्या थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भावजी, ह्ये सिनेमात दिसायचं कसं वो?"

मी चमकलो. मला कधी ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याचा एकही चित्रपट बघितला नव्हता. "बघू द्यायचं न्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हनायचं, मला खोटं मरताना बगू नगस. खरं बगायचं हायच की तुला." उंच दिसायचे, म्हटलं. घोड्यावर बसले की फारच उंच दिसायचे. त्यांनी "व्हय?" म्हणून नुसती मान डोलावली. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

बाज बाहेर काढल्यामुळं तिच्यामागची भिंत उघडी पडली होती. तिच्यावर, कमरेच्या थोडं वर, तळहाताएवढा एक काळसर, तेलकट डाग होता. मी त्याच्याकडं बघतोय हे वहिनींना दिसलं. "तितं हात टेकायचं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठताना. माझा हात धरायचं न्हाईत. भिंतीला हात लावून दम घ्यायचं, मग गुडघा सरळ करायचं, मग पुन्हा दम. लय येळ लागायचा." मी उठून डागावर हात ठेवला. पाचही बोटांच्या जागा खोलगट झाल्या होत्या. पोपडा सुटून खालची माती दिसत होती. भिंत गार होती.

अंगणात घरमालकाच्या गड्यानं पिंपात कळीचा चुना टाकून त्यावर पाणी ओतलं होतं. वहिनींनी बोचकं काखेत घेतलं. गडी कुंचा घेऊन दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "झालं का वो बाई? ऊन हाय तंवर हात मारून घ्यायला पायजे." चुना रटरटत होता. आम्ही त्याला वाट देऊन बाहेर आलो.